कोळ्याचं नाव सांगण्याआधी

पावसाळा सरत आला की सह्याद्रीतल्या पायवाटांवर आडवी जाळी लागतात, भटके फोटो काढतात आणि ‘हा कोणता कोळी?’ याचं उत्तर तिथल्या तिथे, थेट प्रजातीसकट मागतात. इथेच सावध राहावं, असं मला कळकळीनं वाटतं. पुरावा जिथवर नेतो तिथवरच नाव द्यावं. आपला सगळा भर रंगावर आणि आकारावर असतो, आणि नेमकी तीच लक्षणं कोळ्यांमध्ये सर्वाधिक फसवतात. जायंट वूड स्पायडरच्या मादीचं शरीर 3 ते 5 सेंटीमीटर भरतं. तिच्याच जाळ्याच्या कडेला बसलेला तांबूस नर जेमतेम अर्धा सेंटीमीटर. नुसता फोटो पाहणारा या दोघांना एका जातीचे म्हणणारच नाही. आंब्याची पानं जोडून घरटी करणाऱ्या लाल मुंग्यांची हुबेहूब नक्कल करणारा कोळी तर पुढचे दोन पाय मिशांसारखे उचलून चालतो. पाय मोजले नाहीत तर तो कोळी आहे हेही कळत नाही.

म्हणून आधी डोळे पाहावेत. समोर दोन टपोरे डोळे असतील तर तो उड्या मारणाऱ्या कुळातला. खाली चार बारीक, त्यांच्यावर दोन मोठे आणि मागे आणखी दोन, अशी मांडणी लांडगा कोळ्याची. मग जाळं: मधोमध पांढरी नागमोडी नक्षी आणि जोडीजोडीनं फाकलेले पाय दिसले, तर सिग्नेचर स्पायडर म्हणायला हरकत नाही. त्यामुळे फोटो समोरून, पाठीवरून आणि जमल्यास पोटाकडूनही घ्यावा. सोबत जागा, तारीख आणि झाड नोंदवावं. जाळं तोडू नये, कोळ्याला हात लावू नये.

यावर कुणी म्हणेल, मोबाइलवरचं ॲप क्षणात नाव सांगतं. सांगतं खरं, पण ते त्याच्याकडच्या फोटोंशी केलेली तुलना असते. जगात कोळ्यांच्या 50,000 हून अधिक प्रजाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि कित्येक जातींची खात्री प्रौढ नर-मादीचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय होत नाही. पिल्लांत ते अवयव तयारच नसतात. हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचं नाव मिळालेला ‘इसियस तुकारामी’ हा कोळी 2021 मध्ये विज्ञानाला नवा म्हणून नोंदला गेला, तोही ठाणे परिसरातून. इतक्या गजबजलेल्या भागात अनोळखी जात निघते, तर आपल्या फोटोतला कोळी पुस्तकातल्या चित्राशी जुळलाच पाहिजे हा हट्ट टिकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर: विषारी आहे का, हे कळायला नाव नको का? विष बहुतेक सगळ्याच कोळ्यांना असतं. माणसाला गंभीर इजा करू शकणारे मात्र फार थोडे. चावा झालाच तर जखम साबणपाण्यानं धुवावी, आणि सूज वाढली, श्वास जड झाला किंवा ताप आला तर थेट डॉक्टर गाठावा. ते लक्षणं पाहून उपचार करतात; नावाची वाट पाहत बसू नये. भीतीपोटी ठोकलेलं चुकीचं नाव मात्र निरुपद्रवी कोळ्याच्या जिवावर उठतं. ‘लांडगा कोळ्यांच्या कुळातला, प्रजाती अनिश्चित’ ही नोंद अपुरी वाटली तरी खरी असते, आणि पुढे एखाद्या अभ्यासकाला तिचा उपयोग होतो.