गोठा, ओढा आणि डॉक्टरकी

नीटचा निकाल लागला की बहुतेक घरांत एक उतरंड तयारच असते. वर एमबीबीएस, मग बीडीएस, मग बीएएमएस, बीएचएमएस. त्याखाली कुठेतरी पशुवैद्यक, आणि काहीच जमलं नाही तर ‘निदान बीएस्सी तरी कर’. ही उतरंड कटऑफवरून ठरली आहे, कामावरून नव्हे. गुण किती लागतात एवढंच ती सांगते. पुढची तीस-पस्तीस वर्षं मूल कोणत्या प्रश्नाशी झुंजणार, याबद्दल ती गप्प आहे. ज्या मुलाला जीवशास्त्र मनापासून आवडतं, त्याने तिच्यावर भरवसा ठेवू नये असं माझं मत आहे. संसर्गजन्य रोगांतले आजचे अवघड प्रश्न माणसाच्या शरीरापाशी थांबत नाहीत. ते गोठ्यात जातात, पाणवठ्यावर जातात, आणि तिथे ज्यांची गरज पडते ती माणसं आपण उतरंडीच्या खालच्या पायऱ्यांवर बसवून ठेवली आहेत. हे पटवायला एकच रोग पुरेसा आहे.

शिस्टोसोमा हा रक्तवाहिन्यांत राहणारा चपटा कृमी. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरने 1851 मध्ये कैरोत तो शोधला. याची अंडी रुग्णाच्या लघवीतून किंवा शौचातून गोड्या पाण्यात पडतात, त्यांतून निघालेली अळी ठरावीक जातीच्या गोगलगायीत शिरते, तिथे तिची संख्या प्रचंड वाढते आणि काही आठवड्यांनी दुभंगलेल्या शेपटीच्या सूक्ष्म अळ्या बाहेर पडून थेट माणसाच्या कातडीतून आत घुसतात. पाण्यात पाय घातला तरी पुरे. 2021 मध्ये जगात सुमारे 25 कोटी लोकांना यावर प्रतिबंधक औषध देण्याची गरज होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातले बहुसंख्य आफ्रिकेतले. माणसात मूत्राशयाच्या रक्तवाहिन्या धरणारी जात हिमॅटोबियम, गुरांच्या आतड्यांजवळ राहणारी जात बोव्हिस. दोघींची अंडी बाहेर पडण्याची वाट वेगळी, यजमान वेगळे, म्हणून त्यांचा अभ्यासही वेगळा, अशी सोयीस्कर वाटणी कित्येक वर्षं चालली. माणसांचे डॉक्टर माणसं तपासत, जनावरांचे डॉक्टर जनावरं.

या वाटणीला तडा गेला तो सेनेगलमध्ये. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तिथल्या मुलांमध्ये हिमॅटोबियम आणि बोव्हिस यांचा संकर सापडला. शिस्टोसोमात नर आणि मादी वेगवेगळे असतात आणि नर मादीला आपल्या अंगाच्या पन्हळीत धरून ठेवतो; दोन जातींचे कृमी एकाच शरीरात आले तर अशी मिश्र जोडी जमू शकते. नुसत्या अंड्याच्या आकारावरून हे नेहमी ओळखता येत नाही. म्हणून संशोधक दोन प्रकारचा डीएनए तपासतात. मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, पेशीकेंद्रातला दोघांकडून. एकाने ‘बोव्हिस’ म्हटलं आणि दुसऱ्याने ‘हिमॅटोबियम’, तर संकराचा संशय पक्का. मग 2014 मध्ये फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावरचे रुग्ण समोर आले. कधीही आफ्रिकेत न गेलेली माणसं काव्हू नदीत पोहली होती आणि त्यांच्या लघवीतून रक्त जात होतं. पुढे शंभराहून अधिक रुग्ण निघाले, परजीवीचं नातं सेनेगलशी जुळलं आणि त्यात बोव्हिसचा अंशही होता. तिथल्या नदीत योग्य जातीची गोगलगाय आधीपासूनच होती. गोष्ट मात्र इथे संपत नाही, आणि विद्यार्थ्याने लक्ष द्यावं ते पुढच्या भागाकडे. नायजरमधल्या नमुन्यांचा अधिक खोलवर जनुकीय अभ्यास 2019 मध्ये आला, तेव्हा दिसलं की तिथला संकर ताजा नसून कित्येक पिढ्यांपूर्वीचा आहे. म्हणजे दोन खुणा पाहून ‘आत्ता संकर होतोय’ असं म्हणणं घाईचं ठरू शकतं. गुरांकडून आजही किती संसर्ग माणसांत येतो, हा प्रश्न म्हणूनच उघडा आहे. त्याच्या उत्तरावरच पैसा कुठे खर्चायचा, फक्त शाळकरी मुलांना गोळ्या द्यायच्या की गुरांवरही उपचार करायचे, हे ठरणार आहे.

आता असा प्रश्न सोडवायला कोण लागतं ते पाहा. लघवी तपासून निदान करणारा डॉक्टर लागतोच. पण गाईच्या शेणातली अंडी शोधणारा, कत्तलखान्यात आतड्याच्या नसा उघडून कृमी वेगळे काढणारा पशुवैद्यकही लागतो. गोगलगायी ओळखणारा प्राणिशास्त्रज्ञ लागतो: तो ओढ्यातून गोगलगायी वेचतो, एकेकीला पाण्याच्या छोट्या पेल्यात ठेवतो, उजेडात ठेवून वाट पाहतो आणि पाण्यात वळवळणारे ठिपके दिसले की ते सूक्ष्मदर्शकाखाली धरतो. जनुकक्रम वाचणारी मुलगी कदाचित कधी ओढ्यात उतरणारही नाही. आणि हे सगळे आकडे एकत्र करून कोणत्या यजमानाचा वाटा किती, हे मांडणारा माणूस गणित किंवा संख्याशास्त्राचा पदवीधर असू शकतो. यातला एकही जण दुसऱ्याचा मदतनीस नाही.

‘पण हा तर आफ्रिकेचा रोग, आमच्या मुलाने तो का शिकावा?’ हा पहिला आक्षेप, आणि रास्त आहे. उत्तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात आहे. 1952 मध्ये गाडगीळ आणि शाह या डॉक्टरांनी तिथे माणसांतल्या शिस्टोसोमाचं स्थानिक केंद्र नोंदवलं. पुढे फेरिसिया टेनुइस या छोट्या गोगलगायीकडे बोट दाखवलं गेलं. त्या परजीवीची नेमकी ओळख पुढेही वादाची राहिली. आपल्या गुरांत तर शिस्टोसोमाच्या अनेक जाती आहेत. नेझेल ही जात गाईबैलांच्या नाकात गाठी करते, श्वास अडतो आणि जनावर घोरू लागतं. तिचा वाहक इंडोप्लॅनॉर्बिस ही गोगलगाय आपल्या तळ्याडबक्यांत सर्रास सापडते. शिवाय ही विद्या एका कृमीपुरती नसते. शेणातली अंडी मोजणं, डीएनए वेगळा करणं, नमुन्यांचा आराखडा आखणं हे यकृतातल्या चपट्या कृमीला, रेबीजला, ब्रुसेलोसिसला तितकंच लागतं.

दुसरा आक्षेप पैशाचा. इथे गोड बोलून उपयोग नाही. परजीवीशास्त्रातल्या संशोधनाच्या कायम नोकऱ्या कमी आहेत, पीएचडीला बहुधा पाच-सहा वर्षं जातात. नेट उत्तीर्ण होऊन जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर 2023 पासून दरमहा 37 हजार रुपये आणि दोन वर्षांनंतर 42 हजार, वर नियमानुसार घरभाडे भत्ता. मुंबईत यावर ऐश होत नाही, पण घरून पैसे मागावे लागत नाहीत. जिथे घरची परिस्थिती बेताची आहे, तिथे मी नुसत्या बीएस्सीपेक्षा बीव्हीएस्सी सुचवेन. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, प्रवेश नीटवरूनच. महाराष्ट्रात ही महाविद्यालयं नागपूरच्या माफसू विद्यापीठाखाली आहेत. संशोधन जमलं नाही तर पशुधन विकास अधिकारी, दूध संघ, औषध कंपन्या, स्वतःचा दवाखाना, अशा वाटा उरतात. संख्याशास्त्राच्या पदवीलाही बाजारात किंमत आहे. नुसती झूलॉजी घेणाऱ्याने मात्र पहिल्या वर्षापासून जनुकशास्त्र आणि प्रोग्रामिंग जोडीला धरावं. नाही तर तो आक्षेप खराच ठरेल.

‘औषध आहेच की मग, संशोधन कशाला?’ असंही कुणी विचारेल. प्राझिक्वांटेल आहे, स्वस्त आहे, चांगलं आहे. पण ते कोवळ्या कृमींवर नीट चालत नाही, आणि गोळी घेऊन मूल पुन्हा त्याच पाण्यात उतरलं की पुन्हा लागण होते. राहिली शेण-आतडी हाताळण्याची किळस. ती कुणाला येते, कुणाला येत नाही, आणि यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त हे प्रवेशानंतर कळू नये. पालकांनो, पसंतीक्रम भरण्याआधी परवानगी काढून मुलाला जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या परजीवीशास्त्र विभागात एक दिवस घेऊन जा. शेणाचा नमुना तयार होताना त्याला पाहू द्या, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावू द्या, आणि परतताना वाटेत तुम्ही बोलू नका, त्याला बोलू द्या.