परड्यातली मांडणी

जुनं घर उतरवलं की कौलं मोजून रचून ठेवतात, लाकडं मात्र परड्यात ढीग होऊन पडतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या अशाच एका ढिगापाशी भाचीने सुतारकामात हयात घालवलेल्या मामांना गाठलं. तिला पडवीबाहेर सरपण, नारळ, कुंड्या ठेवायला उघड्यावरची मांडणी करायची होती.

भाची : मामा, लाकूड तर फुकटचं आहे. चार खांब पुरायचे, फळ्या ठोकायच्या, झालं ना?

मामा : झालं की! दोन पावसाळ्यांनी तीच मांडणी चुलीत घालता येईल. आधी ढीग निवडून घे. हे वासे सागाचे, ते काळपट ऐनाचे. त्या रुंद फळ्या आंब्याच्या आहेत, माळ्यावर कोरड्यात टिकल्या. बाहेर त्यांचा भुसा होईल.

भाची : म्हणजे सागाची काळजीच नको.

मामा : सागाच्या गाभ्याची नको. कापलेलं टोक बघ, आत तपकिरी आणि कडेला फिकट पट्टा. झाड उभं असताना त्या पट्ट्यातून पाणी वर चढतं, त्यात किडीचं खाद्यही असतं. गाभ्यात झाड अशी द्रव्यं साठवतं की वाळवी सहसा तोंड लावत नाही. पांढरा भाग मात्र सागाचा असला तरी ती खाते. भिंतीत गेलेली टोकं पेचकसाने टोचून बघ. मऊ लागलं, ठोकल्यावर पोचट वाजलं, की तेवढं कापून टाक. आणि करवत लावण्याआधी लोहचुंबक फिरव. जुना खिळा आत मोडलेला असतो, दाते जातात.

भाची : या हिरव्या झडपांचा रंग घासून काढू?

मामा : अजिबात नको. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगातलं शिसं दहा लाखांत 90 भागांच्या आत आणणारा नियम 2016 चा, अमलात आला 2017 मध्ये. या झडपा तुझ्या आईच्या लग्नाआधीच्या. ती धूळ नाकात नको, आणि ते लाकूड चुलीत तर नकोच.

भाची : कमी पडलं तर कारखान्यातली पॅलेट आणू?

मामा : शिक्का बघून आण. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते नको. रसायनाचे डाग असलेलंही नको. पण तापवल्याने तेव्हाची कीड मेली, उद्याची थांबत नाही. पॅलेटचं लाकूड बहुतेक हलकंच, पावसात मला त्याचा भरवसा नाही.

भाची : मग खांबांना खालून प्लास्टिक गुंडाळते, ओल लागणार नाही.

मामा : ओल आत कोंडून ठेवायचा याहून चांगला उपाय नाही! अगं, लाकूड भिजल्याने कुजत नाही, वाळू न दिल्याने कुजतं. आतली ओल साधारण 20 टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी धरत नाही. पाणी सर्वांत जास्त शिरतं ते कापलेल्या टोकांतून, कारण झाडातल्या नळ्यांची तोंडं तिथे उघडी असतात. म्हणून खांब पुरायचा नाही. आपल्या जुन्या घरात खांबाखाली तळखडा होता, तो शोभेचा नव्हता. खाली जांभ्याचा चिरा ठेव, पण जांभा पाणी पितो, म्हणून त्यावर काळ्या दगडाचा तुकडा. जमिनीपासून खांब वीतभर वर हवा. पागोळीचं पाणी मातीवर आपटून उडतं ते चुकतं, आणि वाळवीने वर यायला मातीची नळी बांधली तर ती दगडावर उघडी दिसते. झाडूने मोडायची.

भाची : आणि वरचं टोक?

मामा : तिरकं काप. वर पत्र्याची टोपी बसवलीस तर उत्तम. सांध्यांकडेही त्याच नजरेने बघ. जुन्या वाशांत कुसवाची भोकं आहेत. वर तोंड केलेलं भोक म्हणजे पाण्याची वाटी, ते नेहमी आडवं किंवा खाली यायला हवं.

भाची : फळ्या जोडून बसवू की अंतर ठेवू?

मामा : बोटभर फट. पाणी खाली, वारा वर. आणि त्यांच्याखाली आडव्या पट्ट्या उभ्या धारेवर लाव. 1 इंच जाड, 4 इंच रुंद पट्टी आडवी पडली तर जेवढी वाकते, त्याच्या सोळाव्या हिश्शाने उभी वाकते. खांबांतलं अंतर दुप्पट केलंस, तर तेवढ्याच वजनाला बाक आठपट. म्हणून तीन फुटांपलीकडे जाऊ नकोस, ओलं सरपण जड असतं.

भाची : खिळे चालतील?

मामा : खाऱ्या हवेत साधा खिळा गंजतो, गंज फुगतो, लाकूड तडकतं. जस्ताचा मुलामा दिलेले किंवा स्टेनलेसचे बोल्ट घे. ड्रिलने आधी भोक पाड, जुना साग कडक झालेला असतो. पाठीला एक तिरकी रीप मार. चौकोन डुलतो, त्रिकोण डुलत नाही.

भाची : वरून तेल लावायचं ना?

मामा : काजूच्या टरफलांचं. वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. पण हातमोजे घाल, ते कातडीला लागलं की फोड येतात. टोकांना दोन हात, बाकी एक हात. आणि मांडणी भिंतीला चिकटवू नकोस. पाठीमागे हात घालता येईल एवढी जागा सोड, नाहीतर वाळवी भिंतीवरून येईल.

भाची : मग आंब्याच्या फळ्या वायाच?

मामा : नव्या घरात कोठीची फडताळं करायची आहेत ना? त्या फळ्या आत नेऊन ठेव. मृगाआधी.