तज्ज्ञ एक, रुग्ण हजारो

प्रथम एक सोपे गणित करू. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत पाहणी केली. तीत १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले. व्यसनाधीनताही यात धरली होती. म्हणजे १ लाख प्रौढांमध्ये १०,६०० रुग्ण झाले.

आता तज्ज्ञ किती ते पाहू. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीनुसार भारतात दर १ लाख लोकसंख्येमागे ०.७५ मनोविकारतज्ज्ञ होते. आपण पुरता १ धरू. समजा, तो प्रत्येक रुग्णास अर्धा तास देतो आणि रोज ६ तास काम करतो. म्हणजे दिवसाला १२ रुग्ण. १०,६०० ला १२ ने भागल्यास सुमारे ८८३ दिवस येतात. वर्षात ३०० दिवस काम धरले, तर सर्वांची एकेक भेट होण्यास जवळजवळ ३ वर्षे लागतील! शिवाय तज्ज्ञ बहुधा शहरांत असतात आणि एक तज्ज्ञ तयार होण्यास बारावीनंतर साडेआठ वर्षे लागतात. मग खेड्यातील रुग्णाने काय करावे?

उपाय आहे कामाच्या वाटणीचा. प्रत्येक रुग्णाला तज्ज्ञच लागतो असे नाही. नैराश्याचे उदाहरण घ्या. मन खिन्न झाले की माणूस घरात बसून राहतो, कामे टाळतो, मित्रांना भेटत नाही. त्यामुळे आनंदाचे प्रसंग कमी होतात आणि खिन्नता आणखी वाढते. हे चक्र तोडण्यासाठी रुग्णाशी बोलून, त्याच्या दिनक्रमात छोटी छोटी, जमण्याजोगी कामे पुन्हा आणावी लागतात. हे कौशल्य शिकवता येते.

पण ‘येते’ असे नुसते म्हणून भागत नाही. प्रयोग हवा. डॉ. विक्रम पटेल आणि गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला. निदान दहावीपर्यंत शिकलेल्या, मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना त्यांनी ३ आठवडे प्रशिक्षण दिले आणि नंतर काही महिने देखरेखीखाली काम करवून घेतले. आपल्या बैठकांचे ध्वनिमुद्रण ऐकून हे समुपदेशक एकमेकांचे काम तपासत.

गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतून बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेले ४९५ रुग्ण निवडले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, कोणाचीही आवडनिवड न ठेवता, त्यांचे दोन गट केले. दोन्ही गटांवर केंद्रातील डॉक्टर उपचार करीतच होते. एका गटाला त्याखेरीज समुपदेशकाच्या आठवड्यास एक अशा ६ ते ८ बैठका मिळाल्या. प्रत्येक बैठक साधारण अर्ध्या तासाची. ३ महिन्यांनी पाहिले, तर बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते, तर दुसऱ्या गटात ३९ टक्क्यांचे. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

दुसरा गट का हवा, ते लक्षात आले का? तो नसता, तर ६४ टक्के यशाचे सगळे श्रेय आपण समुपदेशनाला दिले असते. प्रत्यक्षात ३९ टक्के लोक त्यावाचूनही सुधारले. खरा फायदा २५ टक्क्यांचा, म्हणजे दर ४ रुग्णांमागे १ जादा रुग्ण बरा झाला. वर्षअखेर ही टक्केवारी ६३ व ४८ झाली, म्हणजे अंतर घटले, पण पुसले गेले नाही.

याचा अर्थ तज्ज्ञ नकोत असा नव्हे. समुपदेशकाने औषधे द्यायची नसतात. तीव्र मनोविकार किंवा आत्महत्येचे विचार दिसल्यास रुग्णाला ताबडतोब तज्ज्ञाकडे पाठवायचे असते. समुपदेशकांना शिकवणे आणि अवघड रुग्ण हाताळणे हे तज्ज्ञांचेच काम. देखरेख नसेल, तर ही रचना कोसळते. आणि समुपदेशकाला योग्य वेतन न देता केवळ सेवाभावावर राबवले, तर तीही टिकणार नाही.

तुमच्यापैकी कोणाचे मन सतत खचत असेल, तर शिक्षकांना वा घरच्यांना जरूर सांगा. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांकही टिपून ठेवा.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. वरच्या उदाहरणातील १०,६०० पैकी निम्म्या रुग्णांना प्रत्येकी ८ बैठका द्यायच्या आहेत. एक समुपदेशक रोज ६ बैठका घेतो आणि वर्षात ३०० दिवस काम करतो. काम एका वर्षात संपवायचे, तर किती समुपदेशक लागतील?