जुनी फळी चुलीत घालू नकोस

बाळा, होडीच्या केबिनच्या दाराशी पाय दिला की फळ्यांची जमीन दबते, हे मी तुला शिमग्यालाच बोललो होतो. आता १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी आहे, होडी वर ओढलेली आहे, तेवढ्यात जमीन बदलून घे.

पण आधी छपरावर बादलीभर पाणी ओत आणि आत बसून बघ. होडीचं लाकूड खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाच्या गोड्या पाण्यानं लवकर कुजतं. दाराशीच फळी मऊ पडलीय, म्हणजे गळती वर आहे. ती राहिली तर नवी जमीनही गेलीच समज.

फळ्या अख्ख्या काढ. खडूची खूण पावसात टिकत नाही. प्रत्येक फळीवर पटाशीनं आकडा कोर आणि नाळेकडे बाण दाखव. तुटकी फळीसुद्धा जपून ठेव. होडीत सरळ रेघ कुठेच नसते, टेपनं घेतलेलं माप तिथे फसतं. जुनी फळी नव्यावर ठेवून आखायची.

खालच्या दांड्या आणि वाकं टोच्यानं टोचून बघ. खट्ट वाजलं तर लाकूड जिवंत, टोचा लोण्यासारखा शिरला तर ते बदल. दांड्यांखालच्या पाणी वाहायच्या भोकांतून खवले आणि तेलाचा गाळ काढ.

नव्या जमिनीला प्लायवूड आयएस ७१० शिक्क्याचंच घे. दुकानदार ३०३ पुढे करेल. ते कपाटाला ठीक. दांड्या हातभर अंतरावर असतील तर १८ मिलिमीटर हवं. प्लाय पाणी पितं ते काठानं, म्हणून काठांना आणि स्क्रूच्या भोकांना इपॉक्सीचे तीन हात दे, कोरड्या पडवीत. खालची बाजूही रंगव. कोणी बघत नाही, म्हणून तीच आधी कुजते. कडेला चार-पाच मिलिमीटर फट सोड, होडी लाटेत पिळवटते.

तरुणपणी मी हुशारी केली, सगळी जमीन लोखंडी खिळ्यांनी ठोकून टाकली. भर समुद्रात जमिनीखालचा पंप तुंबला आणि तांडेलानं माझ्यासमोर जमिनीवर कुऱ्हाड चालवली. म्हणून खिळा नाही. ३१६ स्टेनलेसचे स्क्रू, ग्रीस लावून. पंपावरच्या झाकणाला तर स्क्रूही नको. बोट घालायला एक भोक आणि फिरती खिट्टी लाव, म्हणजे लाटेत उडणार नाही आणि अंधारात एका हातानं उघडेल.