पाला पेटवायच्या आधी पोत्यांचा हिशोब करा



ऊस तुटायला लागला की आपल्या बऱ्याच गटांत एकाच कारणाचे कर्जाचे अर्ज येतात. ऊस गेला, आता खोडव्याला खत टाकायचंय. मागणी रास्त आहे, खोडव्याला खत लागतंच. पण कर्जाचा ठराव लिहायच्या आधी त्या ताईंना एक प्रश्न विचारायला हवा : रानातल्या पाल्याचं काय केलं? उत्तर बहुतेक वेळा एकाच शब्दात येतं, "पेटवला."

मी शिवाजी पेठेत राहते. हंगामात रंकाळ्याच्या पलीकडून वारा आला की गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळ्या काड्या येऊन पडतात. पेठेतल्या बायका चिडून कपडे परत धुतात. ती नुसती घाण नाही. ज्याला माती परीक्षणाच्या कागदावर 'सेंद्रिय कर्ब' म्हणतात, तो कर्बच कुणाच्या तरी रानातून उडून आलेला असतो.

आता हिशोब. एक हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन पाचट निघतं, म्हणजे एकरी ३ ते ४ टन. कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत दिलेल्या प्रमाणानुसार हेक्टरी पाचटात ४० ते ५० किलो नत्र, २० ते ३० किलो स्फुरद, ७५ ते १०० किलो पालाश आणि ३ ते ४ टन सेंद्रिय कर्ब असतो. एकराला उतरवून बघा. नत्र १६ ते २० किलो. युरियात नत्र असतं ४६ टक्के, म्हणजे हे जवळजवळ एक पोतं युरिया झालं. पालाश ३० ते ४० किलो, म्हणजे पोटॅशचं निदान एक पोतं. युरिया अनुदानामुळे २६६ रुपयांत मिळतो, त्यामुळे "एका पोत्यासाठी कोण एवढं करतंय" असं कुणी म्हणेल. पोटॅशचा भाव दुकानात विचारून या, मग बोलू.

पेटवल्यावर नत्र आणि कर्ब हवेत जातात. पालाश बराचसा राखेत उरतो हे खरं आहे, आणि "राख पण खतच की" म्हणणारे त्यावरच बोट ठेवतात. पण उघड्या रानातली राख वाऱ्यानं उडते, पाटाच्या पाण्याबरोबर वाहते. कर्ब तर गेलाच. मातीत पाणी धरून ठेवणं, मुळांना हवा मिळणं, जिवाणूंना खायला मिळणं, हे सगळं कर्बावर चालतं. आपल्याकडच्या माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्यांपेक्षा कमी आला तर जमीन 'कमी' गटात धरतात, आणि ०.६० च्या पुढे गेला तर बरी. घरात माती परीक्षणाचा कागद असेल तर आजच तो आकडा शोधा.

यावर फार जुना प्रयोग आहे दक्षिण आफ्रिकेत, नाताळ भागातल्या माउंट एजकोंब इथे. (याच नाताळच्या उसाच्या मळ्यांत आपल्या देशातून मजूर नेले होते.) १९३९ साली तिथे एकाच रानाचे तुकडे पाडले. काही तुकड्यांत दर तोडणीला पाचट जाळायचं, काहींत पसरून ठेवायचं. हे कित्येक दशकं चाललं. न जाळलेल्या तुकड्यांत मातीच्या वरच्या थरातला कर्ब जास्त निघाला. एवढी वर्षं का लागावीत? कारण कुजलेल्या पाल्यातला बराचसा कर्बसुद्धा हवेतच जातो, मातीत थोडाच टिकतो. एक वर्ष पाला ठेवला आणि पुढच्या वर्षी पेटवला तर हातात काही राहत नाही.

इतकं लांब जायचीही गरज नाही. कोल्हापूरचेच शेतकरी प्रताप चिपळूणकर यांनी भू-सूक्ष्मजीवशास्त्राचा अभ्यास करून विनानांगरणी ऊसशेती केली, त्यावर भरपूर लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की मऊ पाल्यापेक्षा जमिनीतली जुनी बुडखी आणि मुळं हळूहळू कुजून जास्त टिकाऊ खत देतात, म्हणून ती उपटून बाहेर काढूच नयेत. जुना ऊस मारायला ते तणनाशक वापरतात, आणि ते सगळ्यांना पटत नाही. मलाही त्यात शंका आहे. पण मुळं जागच्या जागी कुजू द्यायची, हा विचार मला पटतो.

मग लोक पेटवतात का? आळस हे कारण नाही. पाला सरीत आला की पाटाचं पाणी पुढं सरकत नाही, आणि लाईट असेल तेवढ्यात पाणी पाजून व्हायचं असतं. उंदीर होतात, साप राहतात, बुडखी छाटायला माणूस मिळत नाही. म्हणून पाणी वाहायला मोकळी जागा ठेवायची : एका सरीत पाला, शेजारची मोकळी, पुढच्या सरीत परत पाला. ऊस तुटल्याबरोबर बुडखी कोयत्यानं जमिनीलगत छाटा, म्हणजे फुटवे खालून जोमानं येतात. पाल्यावर एकरी साधारण एक पोतं युरिया, एक पोतं सिंगल सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू ४ किलो, शेणखतात मिसळून टाका आणि पाणी द्या. युरिया टाकायला "परत खतच आलं की" असं वाटेल. पण पाला कुजवताना जिवाणू आधी स्वतःसाठी नत्र घेतात. ते दिलं नाही तर मातीतलं ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. पाला कुजला की ते नत्र परत पिकाला मिळतं. जिवाणूंसाठी कारखान्याच्या शेती विभागात नाहीतर आपल्या कृषी महाविद्यालयात चौकशी करा.

जिथं पाणी तुंबतं, जमीन कायम ओली असते, तिथं जाड पाल्याखाली फुटवे कमी येऊ शकतात. आणि शिरोळकडच्या मैत्रिणींनी लक्षात ठेवा, रानावर पांढरं मीठ फुटत असेल तर नुसत्या पाल्यानं ते जात नाही. त्याला आधी निचरा लागतो.

आता एक गोष्ट, जिच्यावर बैठकीत कुणी मोठ्यानं बोलत नाही. पाला झाकून ठेवला की तण कमी येतं आणि भांगलण कमी होते. स्वतःच्या रानात राबणाऱ्या ताईच्या कमरेला तेवढाच आराम. पण आपल्याच गटात दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाऊन घर चालवणाऱ्या मैत्रिणी आहेत. त्यांचे रोजगाराचे दिवस कमी होणार. मला यावर एकच वाट दिसते. बुडखी छाटणं, पाला सरीत लावणं, जिवाणू टाकणं हे कामही रोजानंच होतं. ते काम गटानं एकत्र घ्यावं आणि भांगलायला जाणाऱ्यांना आधी द्यावं. दर आपसात बसून ठरवा, पण भांगलणीपेक्षा कमी नको, कारण कोयत्याचं काम जड आहे.

"मालकांना विचारून सांगते" हे उत्तर मला बहुतेक घरांत मिळतं. सात-बारा त्यांच्या नावावर, म्हणून काडीही त्यांच्याच हातात. सगळं रान मागू नका. पाच गुंठे मागा. तेवढ्यात पाला ठेवा, बाकीचं त्यांच्या पद्धतीनं होऊ द्या. गटाच्या वहीत एक पान काढून लिहा : पाण्याची पाळी किती दिवसांनी आली, भांगलण किती वेळा झाली, खत किती गेलं. पावसाळ्यात दोन्हीकडे एकेक फावडं माती उलटून गांडुळं मोजा. कर्जाचा पुढचा अर्ज येईल तेव्हा हे पान उघडून सगळ्यांसमोर वाचा.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना त्या पाच गुंठ्यांतली माती आणा. रानात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्यायचा, कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून गोळा करायची, सावलीत वाळवायची, एकत्र करून अर्धा किलो ठेवायची. झाडाखालची, बांधाजवळची आणि उकिरड्याजवळची माती घ्यायची नाही. खताची रिकामी पिशवी वापरू नका, आकडे चुकतात. कापडी पिशवीत भरा आणि आत चिठ्ठी टाका : नाव, गाव, गट नंबर, आणि पाला ठेवला की पेटवला.