नवा उद्योग आणि पैशाचा खरा खर्च

ग्रामीण भागात लहान उद्योग सुरू करू इच्छिणारा तरुण किंवा बचत गटातील भगिनी पुष्कळदा पहिला सल्ला विचारतात तो गावच्या शिक्षकांना, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना अथवा पंचायतीच्या सदस्यांना. कर्ज कोठे मिळेल, एवढेच त्यांना विचारायचे असते. वस्तुतः ते कर्ज एकंदर कितीला पडेल आणि गुंतवलेला पैसा किती दिवसांनी परत येईल, या दोन प्रश्नांचा विचार त्याआधी होणे अगत्याचे आहे. नफ्यात चाललेला धंदाही हाती रोकड नसल्यामुळे बंद पडू शकतो.

समजा, मसाला तयार करून विकण्याचा उद्योग काढावयाचा आहे. कांडप यंत्रासाठी १ लाख रुपये हवेत. एक सावकारी संस्था १२ टक्के दर सांगते, बँकही १२ टक्केच सांगते. दोन्ही कर्जे सारखी आहेत काय? संस्थेचा दर सरळ पद्धतीचा असेल, तर दोन वर्षे संपूर्ण १ लाखावर व्याज आकारले जाते. ते २४,००० रुपये होते व मासिक हप्ता सुमारे ५,१६७ रुपये पडतो. बँकेचे व्याज घटत्या बाकीवर असेल, तर हप्ता सुमारे ४,७०७ रुपये आणि एकूण व्याज १३,००० रुपयांच्या आत राहते. म्हणजे सरळ पद्धतीचे १२ टक्के हे घटत्या बाकीच्या हिशेबाने साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातात. गावोगावी बोलला जाणारा ‘शेकडा दोन’ हा दरही असाच फसवा होय. तो महिन्याचा असल्याने वर्षाचे २४ टक्के होतात, ही गोष्ट ऐकताना ध्यानात येत नाही.

या बाबतीत रिझर्व्ह बँकेच्या एका नियमाचा चांगला उपयोग होतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना मुदत कर्ज देताना बँका व वित्तीय कंपन्यांनी ऋणकोला मुख्य तथ्यांचे पत्रक देणे बंधनकारक आहे. व्याजाखेरीज प्रक्रिया शुल्कासारखे आकार मिळवून येणारा वार्षिक टक्केवारी दर त्यात नमूद असतो. दोन कर्जांची तुलना करावयाची ती याच आकड्यावरून. मोबाईलवर काही मिनिटांत कर्ज देऊ करणाऱ्यांकडेही हेच पत्रक आधी मागावे.

प्रधानमंत्री मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. तिच्यात ५० हजारांपर्यंत शिशु, ५ लाखांपर्यंत किशोर व १० लाखांपर्यंत तरुण असे कर्जाचे गट असून तारण द्यावे लागत नाही. कर्ज बँक देते. मुद्रा संस्थेने कोणीही दलाल नेमलेले नाहीत, हे ग्रामसभेत एकदा मोठ्याने सांगण्यासारखे आहे.

यंत्राचे भागले तरी मिरचीचा प्रश्न उरतो. मिरची हंगामात रोखीने घ्यावी लागते, मसाला मात्र वर्षभर विकला जातो. या गरजेसाठी मुदत कर्ज घेणे सोयीचे नाही, कारण पैसा वापरात नसतानाही हप्ता चालू राहतो. कॅश क्रेडिट खात्यात उचललेल्या रकमेवर आणि तेवढ्याच दिवसांचे व्याज पडते.

विक्रीचे पैसे स्वीकारण्याची साधने निवडतानाही हाच हिशेब करावा. १ जानेवारी २०२० पासून युपीआय व रूपे डेबिट कार्ड यांवरील व्यापारी शुल्क रद्द झाले आहे. क्रेडिट कार्डाला ही माफी सरसकट लागू नाही. दुकानात छापील क्यूआर संकेत लावणे त्यामुळे सर्वांत स्वस्त पडते. पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारे यंत्र सोयीचे खरे, परंतु ते भाड्याने घेतल्यास विक्री नसलेल्या महिन्यातही भाडे द्यावे लागते. संगणकावरून मागणी स्वीकारण्यासाठी पेमेंट गेटवे घेतला आणि त्याचा आकार २ टक्के असला, तर १,००० रुपयांच्या विक्रीवर २० रुपये व त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर मिळून २३ रुपये ६० पैसे जातात. नफा शेकडा १० असेल, तर त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला! हिशेबासाठी मात्र आरंभी महागडी संगणक प्रणाली नको. धंद्याचे स्वतंत्र बँक खाते आणि रोज लिहिलेला रोजमेळ पुरतो.

उधारीचा भार सर्वांत जड. घाऊक दुकानदार महिना-दोन महिने पैसे थकवतो आणि तेवढे दिवस त्याचे भांडवल हा नवा उद्योजक व्याज भरून पुरवीत असतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे आणि करार नसल्यास १५ दिवसांपलीकडे देणे थकवता येत नाही. थकविल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. याबाबत कायद्याखालील परिषदेकडे दाद मागता येते. त्यासाठी १ जुलै २०२० पासून सुरू असलेली ‘उद्यम’ नोंदणी पहिला माल पाठविण्यापूर्वीच करून घेणे श्रेयस्कर. ती विनाशुल्क आहे. तरीही ती करून देण्याबद्दल पैसे घेणारे भेटतात. उधारीच्या प्रत्येक बिलावर तारीख, नोंदणी क्रमांक आणि पैसे देण्याची मुदत लिहावी व माल पोचल्याची सही त्याच दिवशी घ्यावी. परिषदेपुढे हाच कागद उपयोगी पडतो.