पस्तावा आणि समेट

शास्त्रपाठ : मत्तय २७:३-५, योहान २१:७-१७

यहूदा इस्कार्योत पस्तावला होता, हे आपण सहसा विसरतो. त्याने पाप कबूल केले, रुप्याची तीस नाणीही परत नेली, मात्र याजकांकडे. ज्याचा घात केला त्या प्रभूकडे तो वळला नाही. मत्तयाने येथे योजिलेला ग्रीक शब्द खेद दर्शवितो. प्रभूने ज्यासाठी पाचारण केले ती ‘मेटानोइया’ म्हणजे मनाचे पालटणे. आपला ‘पश्चात्ताप’ हा शब्द दोहोंसाठी चालतो, म्हणूनच घोटाळा होतो.

पेत्राचा अपराधही लहान नव्हता. महायाजकाच्या अंगणात कोळशांच्या विस्तवाजवळ शेकत असता त्याने प्रभूला नाकारले. पुनरुत्थानानंतर तिबिर्या समुद्राच्या काठी पुन्हा तसाच विस्तव दिसतो. मूळ ग्रीक नव्या करारात हा शब्द या दोनच ठिकाणी आला आहे. यावेळी मात्र विस्तवाजवळ प्रभू आहे, न्याहारी त्यानेच मांडली आहे. तीन नकारांच्या जागी तीन प्रश्न, आणि तीनदा मेंढरांची सोपवणूक! पौल समेटाविषयी लिहितो (२ करिंथ ५:१८) तेथेही पुढाकार देवाचाच आहे. अपराध्याने आधी देवाचे मन वळवावे, असे तो म्हणत नाही.

पेत्राने केले ते एवढेच : किनाऱ्यावर प्रभू आहे हे कळताच, तारू काठास लागण्याची वाट न पाहता त्याने पाण्यात उडी घेतली.